फोर्ट-कुलाब्यातल्या आडबाजूच्या गॅलऱ्या: आत गेला असाल तर लिहा

काळा घोड्याला गेलं की जहांगीर आर्ट गॅलरीकडे पाय आपोआप वळतात. पण आसपासच्या जुन्या इमारतींत समकालीन कलेच्या खासगी गॅलऱ्या आहेत. पाटी लहान, दार लोटलेलं, त्यामुळे बरेच जण जिन्यावरूनच परततात. तिकीट नसतं, विकत घ्यायची सक्तीही नसते. तुमचे अनुभव सांगा.

बोईसरकर
आमच्या भागातल्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं सत्तरच्या दशकात गॅलरी केमोल्डने मुंबईत मांडली, म्हणून ती गॅलरी बघायचीच होती. केकू आणि खोर्शेद गांधींनी 1963 साली ती जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केली. 2007 पासून ती फोर्टात प्रेस्कॉट रोडवर, क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. मी गेलो तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. एका मोठ्या कागदावर नुसत्या पेन्सिलीच्या आडव्या रेषा होत्या. लांबून करडा पट्टा दिसे, जवळ गेल्यावर हात कुठे दमला, पेन्सिलीला कुठे नव्याने टोक काढलं तेही कळे. कितीही वेळ उभं राहा, कुणी हटकलं नाही. हे सुख गर्दीच्या प्रदर्शनात मिळत नाही.

टाकाटीप
आईला कुलाब्यात पास्ता लेनमधल्या एका गॅलरीत नेलं होतं. भिंतीवरचा मजकूर सगळा इंग्रजीत, पण एक काम जुन्या साड्यांचं होतं. आईने आयुष्यभर शिवणकाम केलंय. तिने चष्मा लावून कडा न्याहाळल्या आणि म्हणाली, "हा काजाचा टाका आहे, पण उलट्या बाजूने घातलाय. मुद्दाम." टेबलापाशी बसलेली मुलगी उठून आली. "काकू, मला दाखवा ना," म्हणाली. मग दोघी अर्धा तास त्या कापडासमोर. इंग्रजी मजकुराशेजारी मराठी चार ओळी लावायला काय हरकत आहे, असं मला फार मनापासून वाटतं.

ओला रंग
चित्रकार म्हणून लिहितोय. जहांगीरला आपण भाडं भरतो, तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबतो. खासगी गॅलरी भाडं घेत नाही, पण विक्रीतला साधारण निम्मा वाटा ठेवते. मला तो पटतो, कारण वाहतूक, फोटो, गिऱ्हाईक सगळं ती बघते. मात्र एका गॅलरीने (नाव देत नाही) माझे पैसे फार लांबवले. नव्या मुलांनो, सगळं लेखी घ्या. आणि बघायला येणाऱ्यांनो, प्राइस लिस्ट खुशाल मागा. लाल टिकली म्हणजे काम विकलं गेलंय.

सानिका_ठाणे
बहुतेक ठिकाणी रविवारी बंद असतं, फोन करून जा. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा बऱ्याच गॅलऱ्या एकदम बघता येतात. गुडघे दुखणाऱ्यांना जिने चढवणार नाहीत, त्यांच्यासाठी कुठली सोयीची?

बोईसरकर
प्रोजेक्ट 88. कुलाब्यातच, जुन्या छापखान्याच्या जागेत, आणि तळमजल्यावर.