दुपारी कॅप्टन, रात्री काउंट

टीव्हीवर भुताखेताचे सिनेमे सादर करणाऱ्याने मुलांचा कार्यक्रम करू नये, असं एक मत ऐकू येतं; मला ते पटत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या डब्ल्यूडीसीए, म्हणजे चॅनल २० या स्थानिक टीव्ही वाहिनीवरच्या सादरकर्त्या डिक डायझेलचं उदाहरण घ्या. मुलांच्या कार्यक्रमातला विदूषक बोझो तोच, दुपारी कार्टून दाखवणारा अंतराळवेशातला 'कॅप्टन २०' तोच, आणि १९७३ पासून रात्री जुने भयपट सादर करणारा व्हॅम्पायर 'काउंट गोर डी व्होल'ही तोच! त्याआधी केंटकीतल्या पडुकाह गावच्या छोट्या वाहिनीवर त्याने एम. टी. ग्रेव्ह्ज नावाचं भुताळी पात्र रंगवलं होतं.

स्थानिक वाहिन्यांकडे पैसा बेताचाच. हाताशी असलेल्या माणसालाच चार वेश चढवावे लागत. पण नुसत्या काटकसरीने हे जमत नाही. लहान मुलाला खिळवून ठेवणं आणि रटाळ सिनेमाच्या मधल्या वेळात मोठ्यांना जागं ठेवणं, दोन्हीला कॅमेऱ्यातून थेट समोरच्याशी बोलता यावं लागतं. ती हातोटी त्याच्याकडे होती. माझ्या मते मुलांच्या कार्यक्रमानेच त्याचा काउंट इतका मिश्कील झाला.

१९८७ मध्ये टीव्हीवरचा कार्यक्रम संपला, तरी १९९८ मध्ये त्याने काउंटला इंटरनेटवर आणलं, तेही दर आठवड्याला. तेव्हाचं मंद इंटरनेट आठवा, म्हणजे ही जिद्द कळेल.