एक्सेलमध्ये रंग कोणाला द्यायचा, लॉक सेलला की उघड्या सेलला?

काटापट्टी:
नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडतीवर मी हिशेब लिहितो. आंबिया बहाराची संत्री जोरात होती तेव्हाची गोष्ट. आमच्या एक्सेल शीटमध्ये फॉर्म्युल्याचे सेल पिवळे रंगवलेले. पिवळं म्हणजे लॉक, हात लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ. तरी एका ओळीत निव्वळ रकमेवर कोणीतरी आकडा टाइप केला अन् तो बसला. रंग पिवळा, पण लॉक नव्हताच! नंतर वजन दुरुस्त केलं, रक्कम जुनीच राहिली. हिशेबाची चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली अन् तफावत त्यालाच दाखवायला यावं लागलं. फार लाज वाटली.

माझं मत पक्कं झालं आहे: रंग हाताने भरूच नका, तो लॉकवरूनच येऊ द्या. ए2 पासून रेंज निवडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा फॉर्म्युला इंग्रजी अक्षरांत टाका: =सेल("प्रोटेक्ट",ए2)=1. सेल लॉक असेल तर 1, नाहीतर 0. रेंजचा पहिला सेलच लिहा, ए1 लिहिलात तर रंग एक ओळ सरकतो.

इतवारीचा मुनीम:
नाही पटत, भाऊ. नव्या शीटचा प्रत्येक सेल मुळातच लॉक असतो, म्हणजे तुमची रेंज जवळपास सगळी पिवळी होणार. अन् रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट केल्याशिवाय तो लॉक लागूच होत नाही. शीट उघडी असली तरी हा फॉर्म्युला 1 च देतो. तुमचा पिवळा रंग पुन्हा खोटं बोलेल. त्यापेक्षा भरायचे चार रकाने रंगवा, बाकी पांढरं राहू द्या.

काटापट्टी:
शीट उघडी असण्याचा मुद्दा खरा आहे, माझ्याकडून सुटला होता. भरायचे सेल रंगवायलाही हरकत नाही, फॉर्म्युल्याच्या शेवटी =1 ऐवजी =0 लिहीन. पण हाताने नाही. रंगाचा डबा ओतला म्हणून लॉक बदलत नाही, आमचा घात तिथेच झाला.

धरमपेठ ऑडिट:
रंग हवाच कशाला? प्रोटेक्ट करताना ‘सिलेक्ट लॉक्ड सेल्स’समोरची खूण काढा. लॉक सेलवर कर्सर जाणारच नाही, टॅब दाबला की थेट पुढचा उघडा सेल. तपासायचंच असेल तर प्रोटेक्ट करण्याआधी कंट्रोल एफ, ऑप्शन्स, फॉरमॅट, प्रोटेक्शनमध्ये लॉक्ड, मग फाइंड ऑल. खाली यादी येते.

काटापट्टी:
फाइंड ऑल आजच करून पाहतो. कर्सर मात्र अडवणार नाही. शेतकरी समोर उभा राहून विचारतो, हमाली-तोलाई किती धरली? तेव्हा त्याच्यासमोर त्या सेलवर क्लिक करून फॉर्म्युला दाखवता आला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

इतवारीचा मुनीम:
हे मात्र खरं. दाखवा, पण प्रोटेक्ट करूनच. अन् फॉर्म्युल्याचे रकाने पांढरेच ठेवा, माझं तेच म्हणणं आहे.