मदत हवी आहे: स्टिकलर सिंड्रोम, मुलीच्या चांगल्या डोळ्यावर आधीच उपचार करून घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिला स्टिकलर सिंड्रोम आहे, म्हणजे कोलॅजन या प्रथिनातला आनुवंशिक दोष. दीड महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) सुटला. तिला कळलंच नाही, कारण डावा डोळा नीट होता. एकदा डावा डोळा चोळताना म्हणाली, "बाबा, खालून काळं काळं येतंय." तोवर पडद्याला कडेने पाव वर्तुळाहून मोठी चीर गेली होती. व्हिट्रेक्टॉमी करून, म्हणजे डोळ्यातली जेली काढून, पडदा जागेवर राहावा म्हणून आत सिलिकॉन ऑइल भरलंय, ते काही महिन्यांनी काढायचंय.

जन्मतः तिच्या टाळूला फट होती. चौथ्या वर्षीच मायनस आठचा नंबर लागला. गुडघे नेहमी दुखतात. हे सगळं वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिलं, पण एकत्र कुणी जोडलं नाही. आता जनुक तपासणीत सीओएल२ए१ या कोलॅजनच्या जनुकात दोष निघाला. डोळ्यातली जेली आणि सांध्यांतली कूर्चा एकाच कोलॅजनची असते, म्हणून दोन्हीकडे त्रास. माझाही नंबर मायनस नऊ आहे, कमी ऐकू येतं. माझी तपासणी व्हायचीय. दोष माझ्याकडून आला असेल तर धाकट्या मुलातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे, त्यामुळे झोप उडाली आहे.

खरा प्रश्न डाव्या डोळ्याचा. एका रेटिना सर्जनच्या मते पडद्याच्या कडेला गोल फिरवून क्रायो (गोठवण्याचा उपचार) करावं. गोठवलेल्या जागी व्रण धरून पडदा घट्ट चिकटतो, आणि या आजारात मोठी चीर बहुधा त्या कडेलाच पडते. दुसरे म्हणतात, आत्ता भोक नाही, पातळ जागा नाही, तर हात लावू नका. बाहुली मोठी करून दर काही महिन्यांनी तपासा. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ४८७ रुग्णांच्या नोंदी छापल्या, त्यात क्रायो केलेल्यांचे पडदे बरेच कमी सुटले. पण त्या मागच्या नोंदी आहेत, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडून केलेली चाचणी नव्हे, असं दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं. मला दोघांचंही पटतं, तिथंच अडलंय.

तुमच्यापैकी कुणी मुलाच्या चांगल्या डोळ्यावर असं क्रायो किंवा लेसर करून घेतलंय का? पुढे कडेची नजर किती गेली? पूर्ण भूल देताना या आजारातल्या लहान जबड्यामुळे श्वासाची नळी घालायला अडचण आली का? ऑइल काढल्यावर पडदा पुन्हा सुटला का, हेही कृपया सांगा. आणि लहान मुलाला रोज एकेक डोळा झाकून बघायची सवय कशी लावलीत? आम्ही कालपासून सुरू केलंय, ती रडते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना होकार की नकार कळवायचा आहे.

एक बाबा