माळ्याच्या अँगलवर डोकं आपटून सात आठवडे झाले, सीटी नॉर्मल, तरी त्रास जात नाही. सल्ला हवाय

दुपारचा_चहा:
घर आवरताना माळ्याखाली वाकले होते, सरळ उभी राहिले ती थेट लोखंडी अँगलवर. शुद्ध गेली नाही, टाके नाहीत, नुसतं टेंगूळ. दोन उलट्या झाल्या म्हणून त्याच रात्री सीटी काढला. नॉर्मल.
आता दुपारी तीननंतर डोकं जड होतं, एक्सेलच्या ओळी एकमेकींत शिरतात, कुकरची शिट्टी सहन होत नाही. परवा दूध गॅसवर ठेवून विसरले, करपल्याचा वास आल्यावर आठवलं. रात्री उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगरते. रोज एक-दोन पॅरासिटामॉल घेते. नवरा म्हणतो, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग? वय ४१, ठाणे. कुणाकडे जाऊ? एमआरआय करू का?

घसरलेला_स्वार:
ताई, सीटीत रक्तस्राव नाही आणि हाड मोडलेलं नाही, एवढंच कळतं. हादऱ्यानं मेंदूच्या कामात जो घोळ होतो तो त्यात दिसत नाही. बाइकवरून पडल्यावर मीही हेच ऐकून घेतलंय. बहुतेक जण तीन महिन्यांच्या आत सावरतात, काहींचं लांबतं.
पण कुशीवर वळल्यावर गरगरणं हे प्रकरण वेगळं असू शकतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, मार लागला की ते सुटून भलत्याच नळीत शिरतात. आधी ईएनटी गाठा. मला टेबलावर बसवून मान वळवली आणि झटकन आडवं केलं. डोळे कसे थरथरतात त्यावरून कुठला कान ते त्यांनी सांगितलं. मग एप्ली म्हणून प्रकार असतो, डोकं ठरावीक क्रमानं वळवत नेतात. पाच-दहा मिनिटांचं काम. माझं दुसऱ्या खेपेला गेलं. व्हिडिओ बघून घरी करू नका.

आजीचा_बटवा:
नाकात दोन थेंब तूप आणि भिजवलेले बदाम. मेंदूला ताकद येते, असं आमच्याकडे म्हणतात.

मणका_आणि_मी:
बदाम खाऊ देत, पण त्यावर थांबू नका. मी फिजिओ आहे. डोक्याला हिसका बसतो तेव्हा मानेलाही बसतोच, आणि मागून कपाळाकडे येणारी डोकेदुखी पुष्कळदा मानेची निघते. मान कुणी तपासली का?
अंधार करून पडून राहणं पहिले एक-दोन दिवस ठीक. आता रोज चाला. त्रास किंचित वाढला तर चालेल, फार वाढला तर तिथंच थांबा, दुसऱ्या दिवशी थोडं कमी. एक्सेल सलग दोन तास नको, वीस मिनिटं आणि मग खिडकीबाहेर बघा. ओळी तशाच मिसळत राहिल्या तर डोळ्यांची जवळचं बघण्याची जुळणीही तपासून घ्या, नुसता नंबर नाही.
गोळ्यांचं मात्र मनावर घ्या. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की गोळीनंच डोकं दुखायला लागतं. न्यूरोलॉजिस्टना हे आपणहून सांगा.

कोकणकडा:
भीती घालत नाही, पण आमच्या बाबांचा पहिला सीटी नॉर्मलच होता. वय ७२, रक्त पातळ करायची गोळी चालू. पाच आठवड्यांनी डावी चप्पल पायातून निसटायला लागली. आम्ही चप्पलच बदलली! मग पुन्हा स्कॅन केला, तर कवटीखाली रक्त साचलेलं. ऑपरेशन झालं, आता ठणठणीत. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत गेली, पुन्हा उलट्या, झोपाळूपणा, बोलताना अडखळणं, हातापायात कमजोरी, फिट, यातलं काहीही दिसलं तर धाग्यावर विचारू नका, सरळ कॅज्युअल्टी.

दुपारचा_चहा:
यातलं काही नाही आणि रक्त पातळ करायची गोळीही नाही. ईएनटीकडे जाऊन आले. उजवाच कान! आडवं केल्यावर मी त्यांच्या बाहीला घट्ट धरलं, इतकं गरगरलं. एका खेपेत भागलं, काल रात्री उजव्या कुशीवर झोपले. न्यूरोलॉजिस्टनी तपासून सांगितलं की एमआरआय सध्या नको. गोळ्या कमी करायच्या आणि कुठल्या दिवशी किती दुखलं ते वहीत लिहायचं. मानेसाठी सोमवारपासून फिजिओ. डोकं दुपारी अजून जड होतंच.
नवरा आत सोबत होता. सीटीत काय दिसत नाही ते डॉक्टरांकडूनच ऐकलं. आज कुकर त्यानं लावला, मी बाल्कनीत बसले.