व्यासपीठावरच्या मोठ्या पुष्परचनेला आधार कशाचा द्यावा?

मिरजेची_रेवती

नमस्कार. आमच्या वाचनालयाचा शतकमहोत्सव फेब्रुवारीत आहे. कार्यक्रम शाळेच्या पटांगणात, उघड्या मंडपात, संध्याकाळी पाच ते दहा. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना पाच फूट उंच दिसतील अशा दोन रचना आणि वक्त्यांच्या टेबलाच्या पुढच्या कडेला एक लांबट, बसकी रचना, एवढं काम माझ्याकडे आलंय. घरची दोन जुनी पितळी घंगाळं आहेत, ती वापरायची हे नक्की. फुलं म्हणजे ग्लॅडिओलस, निशिगंध, जरबेरा, पांढरी शेवंती. मागे सुपारीची पानं.

अडलंय ते आधारापाशी. फुलवाल्याने फ्लोरल फोमचा हिरवा स्पंज सुचवला, एका घंगाळाला सहा विटा लागतील म्हणाला. शेजारच्या काकू म्हणतात, केळीचा खुंट घाल. व्हिडिओंमध्ये काहीजणी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरताना दिसतात. घरी टेबलावरच्या छोट्या रचना मी नेहमी करते, एवढी मोठी कधी केली नाही. सकाळी लावलेली फुलं रात्रीपर्यंत टवटवीत राहावीत आणि वाऱ्याने काही कलंडू नये, एवढं जमलं पाहिजे.

रावेरकर

काकूंचं ऐका, पण अर्धंच. आमच्या भागात केळीचा घड उतरवला की ते खोड पुन्हा फळत नाही, तोडूनच टाकतात. त्यामुळे खुंट मागाल तेवढे मिळतात. आतून ते खोड म्हणजे पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले थर, त्यांत हवेचे कप्पे आणि भरपूर पाणी. झेंडू, शेवंती अशी आखूड देठाची फुलं बांबूच्या काडीवर घेऊन त्यात टोचली की घट्ट बसतात. देवळाच्या दाराशी आम्ही असंच करतो.

मात्र खुंट आडवा ठेवायचा आणि काडी वरून सरळ थरांच्या आरपार घालायची. उभ्या खुंटाच्या कापलेल्या तोंडात काडी घातली तर थर फाकतात आणि फूल लोंबतं. आणखी एक, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. टेबलावर पांढरी चादर असेल तर खाली जाड प्लास्टिक अंथराच. ग्लॅडिओलसचा उंच दांडा यात टिकणार नाही, घंगाळात खुंट घालू नका.

साताऱ्याची_सुमन

रेवतीताई, मी साताऱ्यात लग्नाच्या आणि सभागृहांच्या फुलांची कामं घेते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्याच दिवशी विचारतात, देठ कशात रोवायचा? मी त्यांना आधी दुसरं विचारायला लावते. या देठाला पाणी कुठून मिळणार? ते ठरलं की आधार निवडणं अवघड राहत नाही.

तुमचं घंगाळ ही फार मोठी जमेची बाजू आहे. तोंड रुंद, बूड जड, पाणी हवं तेवढं मावतं. अशा भांड्यात फोम भरला तर पाण्याचीच जागा अडते. फोमची नेहमीची वीट साधारण 23 सेंमी लांब, 11 रुंद आणि 8 उंच असते, भिजली की दोन लिटरच्या आसपास पाणी धरते. सहा विटांचं वजन बारा किलोच्या घरात जातं, भांडं त्यामुळे हलत नाही, हे फुलवाल्याचं बरोबर. पण फोममध्ये देठ एकदा हलला की भोक मोठं होतं आणि ते पुन्हा मिटत नाही. ग्लॅडिओलसचा दांडा तीन फुटांचा, फुलांचा भार सगळा वरच्या अंगाला. उघड्या मंडपात तो डुलणार, डुलता डुलता फोम कुरतडला जाणार. देठ जरा वर ओढला गेला तरी टोकाखाली पोकळी राहते आणि त्या देठाचं पाणी तुटतं. वरून काही कळत नाही, संध्याकाळी एकच दांडा माना टाकतो तेव्हा कळतं. जरबेराचा देठ तर मऊ आणि पोकळ, फोममध्ये रेटताना चेपतो. त्याला आधी काडीने भोक पाडून द्यावं लागतं.

म्हणून घंगाळांना जाळीच. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी भोकांची कोंबडी जाळी मागा, भोक दोन इंची. अर्धा इंची घेऊ नका, घडी पडली की तिच्यातून काडीसुद्धा जात नाही. घंगाळाच्या तोंडाच्या रुंदीच्या तिप्पट लांब तुकडा कापा आणि सैलसर चुरगाळून आत बसवा. बुडापासून काठापर्यंत तीन-चार थर झाले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक देठ निदान तीन ठिकाणी अडकतो. काठाच्या वरही जाळीचा दोन-तीन इंच फुगवटा ठेवा. बाजूंची फुलं आडवी कलती लावायची तर त्यांना तिथेच पकड मिळते. कापलेली टोकं हाताला ओरबाडतात, हातमोजे घाला. पितळेला चरे पडू नयेत म्हणून घंगाळात बसेल असा प्लास्टिकचा टब आधी ठेवा आणि जाळी त्या टबात घाला. मग घंगाळाच्या कड्यांतून बाइंडिंग वायर ओवून जाळीवरून फुलीसारखी आवळा. ही फुली टाळू नका. जाळी नुसती आत बसलेली असेल तर पहिल्या चार जड दांड्यांबरोबर सगळा गोळा एका बाजूला फिरतो.

छोट्या रचना करता म्हणजे तुमच्याकडे काट्यांची बैठक, केन्झान, असेल. ती एकटी पाच फुटांच्या रचनेला पेलणार नाही, पण टबाच्या बुडाशी, जाळीच्या खाली ठेवा आणि मधले मुख्य तीन ग्लॅडिओलस तिच्यात रोवा. खालून काटे धरतात, वरून जाळी धरते. माझ्या मते मोठ्या रचनेला याहून भरवशाची जोडी नाही. टबात उरलेल्या जागेत नदीतले धुतलेले गोटे घाला.

उंचीची काळजी नको. दोन फुटांचा भक्कम स्टूल, त्यावर फूटभर उंच घंगाळ आणि वर दोन-सव्वादोन फूट फुलं, पाच फूट सहज होतात. स्टूल डुगडुगत नाही ना, ते फुलं आणायच्या आधी मंडपातल्या जमिनीवरच ठेवून बघा. त्याहून उंच हवं असतं तेव्हा मी बांबूची कांडी वापरते. पेराच्या खालून कापलं की पेर तळ होतं आणि नळीत पाणी राहतं. ती नळी उंच काठीला बांधून काठी जाळीत खोल रोवायची.

लावताना सुपारीची पानं आधी, सगळ्यात मागे, आणि ती जराशी मागे झुकलेली ठेवा. सगळं सरळ उभं लावलं तर पुढची फुलं भरता भरता भार पुढे येतो आणि भांडं प्रेक्षकांकडे कलतं. पानांचे देठ आत एकमेकांत गुंततात, पुढच्या फुलांना त्यांचाही आधार होतो. ग्लॅडिओलस बाजारातून उभेच आणा. आडवे पडून राहिले की शेंडे वरच्या दिशेने वळतात आणि तो बाक नंतर जात नाही.

टेबलाच्या कडेला रावेरकर दादा म्हणतात तसा आडवा खुंट चांगला, पण त्यावर शेवंतीच लावा, दुपारनंतर लावा. खुंटातून फुलाला ओल मिळते, देठाने पाणी ओढावं एवढं नाही. शेवंती तेवढ्यावर रात्र काढते, जरबेरा काढत नाही.

लेस्टरची_मंजिरी

सुमनताईंचं वाचून फार बरं वाटलं. इंग्लंडमध्ये जाळीची रीत फोमच्या आधीची आहे. कॉन्स्टन्स स्प्राय या पुष्पसजावटकार बाईंनी 1930च्या दशकात चुरगाळलेल्या जाळीवर भल्यामोठ्या रचना करून ती लोकप्रिय केली. फोम आला 1954मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोत, व्हर्नन स्मिदर्स यांनी आणला. तो इतका सोयीचा ठरला की जाळी मागे पडली.

आता उलटं वारं आहे. फोम म्हणजे फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं प्लास्टिक, मातीत कुजत नाही, हातात चुरा होतो आणि तो चुरा पाण्याबरोबर गटारात जातो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांना पाण्यातले छोटे जीव हे कण खातात आणि त्यांना अपाय होतो असं दिसलं. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकाम संस्थेने 2021पासून लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनासह आपल्या सगळ्या प्रदर्शनांत फोमला बंदी केली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरासही आम्ही जाळीवरच करतो. तरी फोम वापरायची वेळ आलीच तर वीट पाण्यात दाबू नका, तरंगत ठेवा, आपोआप बुडू द्या. दाबली की मधला भाग कोरडा राहतो. उरलेलं पाणी जुन्या सुती कापडातून गाळून झाडांना घाला, चुरा कचऱ्यात.

मिरजेची_रेवती

सगळ्यांचे मनापासून आभार. जाळी आजच आणते. सुमनताई, दोन शंका. पांढऱ्या फुलांच्या मधून जाळी चमकली तर? आणि एवढं पाणी भरलेलं भांडं व्यासपीठावर चढवायचं कसं?

साताऱ्याची_सुमन

भरलेलं भांडं चढवायचंच नाही. जाळी, केन्झान, गोटे आणि कोरडा टब घेऊन घंगाळ आधी जागेवर ठेवा, मग निम्मं पाणी घाला, फुलं तिथेच उभं राहून लावा आणि उरलेलं पाणी शेवटी. फुलं खाली लावून वर नेली तर प्रत्येक पायरीला देठ सुटतात.

जाळी दिसणार नाही. काठाभोवती आधी शेवंतीचे आखूड तुरे दाट लावून घ्या, फुगवट्यावर सुपारीच्या पानांचे कापलेले तुकडे. पाच पावलांवर जाऊन बघा, चमक दिसली तर तिथे एक पान. जरबेरा सगळ्यात शेवटी लावा. शेवंतीची पाण्यात बुडणारी पानं काढली नाहीत तर पाण्याला वास येतो.

दुपारी चारच्या सुमारास, पाहुणे येण्याआधी, लांब नळीच्या झारीने मागच्या बाजूने पाणी घाला. सुपारीची पानं आणि ग्लॅडिओलस पहिल्या काही तासांत भरपूर पितात, पातळी खाली गेलेली असणारच. कार्यक्रम झाल्यावर जाळी उलगडून धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि गुंडाळून ठेवा. जस्ताचा थर शाबूत असला तर तीच जाळी वाचनालयाच्या पुढच्या कार्यक्रमांनाही पुरेल.