मदत हवी आहे: नदीखोऱ्याच्या नियोजनात स्थानिक संस्थांना खरा वाटा कसा द्यायचा?

नमस्कार मंडळी. नदीखोरे समितीत (एका नदीच्या संपूर्ण खोऱ्यातील पाण्याचे नियोजन करणाऱ्या समितीत) नगरपालिका आणि लहान गावांचा सहभाग कसा असावा, यावर एक टिपण तयार करते आहे. एका मुद्द्यावर अडले आहे.

नदी हद्द पाळत नाही. वरच्या अंगाच्या शहराने सांडपाणी अर्धवट शुद्ध करून सोडले, की पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचा वाढीव खर्च खालच्या गावावर पडतो. वरच्या शहराला मात्र प्रकल्पावर पैसा घालून स्वतःला फारसे काही मिळत नाही. माझ्या मते खरी गाठ इथेच आहे, नुसत्या बैठका वाढवून ती सुटणार नाही.

फ्रान्सने 1964च्या कायद्याने खोरेनिहाय संस्था उभ्या केल्या. पाणी उपसणाऱ्यांकडून आणि प्रदूषण करणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचे आणि त्याच पैशातून शुद्धीकरणाच्या कामांना मदत द्यायची. खोरे समितीत स्थानिक लोकप्रतिनिधी बसतात. युरोपीय संघाच्या 2000च्या जलनिर्देशानेही (सदस्य देशांसाठीच्या पाणीविषयक कायद्यानेही) खोरे हेच नियोजनाचे एकक मानले. ही दिशा मला मनापासून पटते.

पण मते कशी वाटावीत? लोकसंख्येवर वाटली तर मोठे शहरच सगळे ठरवणार. प्रत्येक संस्थेला एक मत दिले, तर सर्वाधिक पैसे भरणारेच नाराज. आणि ज्या गावात सांडपाण्याचे नमुने तपासणारा माणूसच नाही, त्याने समितीत कशाच्या आधारे बोलायचे?

अशा समितीत कुणी काम केले असेल तर मतांची आणि खर्चाची वाटणी प्रत्यक्षात कशी ठरली, ते कृपया सविस्तर लिहा. फसलेले प्रयोगही सांगा, त्यांची जास्त गरज आहे.