काम गेलं तेव्हा घरात काय झालं? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव लिहा)

२०१६ च्या नोटबंदीत रोख मजुरी अडकली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर बेळगावातल्या उद्यमबागेच्या कारखान्यांपासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपर्यंत सगळं थंड. गड्याचं काम गेलं की गल्लीभर कळतं. बाईचं गेलेलं घरातसुद्धा कळत नाही. आमच्या आईचं तसंच झालं, म्हणून विचारतोय. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. हे लॉकडाऊनच्या आधीचं. पुढचं तुम्ही सांगा.

वडगाव
माग घरातच, दोन. कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) मी भरायची, त्याची मजुरी कधी कुणी धरली नाही. सावकारानं सूत द्यायचं थांबवलं तेव्हा पाहुणे फोन करून ह्यांना धीर द्यायला लागले. कांड्या माझ्याबी थांबल्या होत्या की! पण मी भाकऱ्या थापत होते, मला कोण विचारतंय. पुण्याहून दीर-जाऊ पोरांसकट आले, दहाच्या तीस भाकऱ्या झाल्या. उजवा खांदा धरला तो धरलाच.

निपाणी
सासू आणि मी विड्या वळतो. मजुरी हजारावर, त्यातनं छाट (नापास केलेल्या विड्या) वजा. लॉकडाऊनात पानं-तंबाखू येईना. परत मिळायला लागली तर शाळा बंद. सूप मांडीवर घेतलं की धाकटा तंबाखूत हात घालायचा. हजाराच्या चारशेवर आले. नवरा घरीच होता. पोराला घ्या म्हटलं की ‘जरा चौकात जाऊन येतो’.

खानापूर तालुका
गोव्याच्या हॉटेलात वेटर होतो, गावी परत आलो. पंचायतीनं उद्योग खात्रीतनं, म्हणजे रोजगार हमीतनं, तळ्याचा गाळ काढायचं काम काढलं. रोज २७५ रुपये, बाईला-गड्याला सारखेच. आई पहिल्या दिवसापासून गेली, मी आठवडाभर लाजलो. मग दोघंही जायला लागलो. पगार सारखा, पण पहाटे चारला उठून दोन डबे तीच भरायची. एक दिवस म्हटलं, आज भात मी करतो. हॉटेलात शंभर माणसांना वाढलेलं, चूल कधी पेटवली नव्हती. करपला. गल्लीत अजून ‘आचारी’ म्हणून हाक मारतात.

अनगोळ
एका कारखान्यात हिशेब बघायची. सुरू झाल्यावर गड्यांना आधी बोलावलं. मला फोन आला तेव्हा सासरे अंथरुणावर, मुलगा चार वर्षांचा, अंगणवाडी बंद. ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हटलं. तेवढ्यात तिथं एक पोरगा बसवला. कुणी विचारलं तर मी नोकरी सोडली म्हणते. गेली असं अजून तोंडातनं येत नाही.

वडगाव (परत मीच)
अनगोळच्या आक्का, हिशेब येतोय तर आमच्या कांड्यांचा तेवढा करून द्या की. एकोणीस वर्षांच्या आहेत.